बगळ्यांशी भांडणाऱ्या खाला

आधी वर बघायचं, मूठ उगारायची आणि मग इस्त्री हातात घ्यायची, असा खालांचा दिवस सुरू व्हायचा. "बघा, बदमाशांनी पुन्हा चादर रंगवली," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. बदमाश म्हणजे बगळे.

आमच्या कॉलनीच्या बागेला लागून दोन जुन्या चिंचा आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला गायबगळे तिथं घरटी करतात आणि पिल्लं उडेपर्यंत मुक्काम ठोकतात. त्याच चिंचांखाली खालांची इस्त्रीची हातगाडी. नवरा गेल्यावर त्यांनी ती चालवायला घेतली. मुलगा वाळूजच्या कंपनीत लागला, बजाजनगरला राहायला गेला, तरी त्यांनी गाडी सोडली नाही.

गाडीवर प्लास्टिकचं छत होतं. पण वाऱ्याबरोबर एखादा पांढरा ठिपका कपड्यावर पडायचाच. मग तो धुवा, वाळवा, पुन्हा इस्त्री करा.

"खाला, जागा का नाही बदलत?" मी एकदा विचारलं.

"मी का बदलू? ते चार महिन्यांचे पाहुणे. मी हितलीच हाय."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिची कटकट आपण रोज ऐकतो आणि तिला ओळखतो असं समजतो.

मग पालिकेनं बागेचा खर्च कमी केला. आधी माळी गेला, मागोमाग झाडलोट बंद झाली. झाडाखाली विष्ठेचा थर साचला, वास सुटला, तक्रारी गेल्या. रोज झाडायला माणूस ठेवण्यापेक्षा एकदाच फांद्या छाटणं स्वस्त, असं वर ठरलं. कॉलनीत कुणी हरकत घेतली नाही.

एका सकाळी छाटणीची गाडी आली. बरोबरचे साहेब हसत खालांकडं गेले. "हातगाडी जरा सरकवा, खाला. तुमचाच त्रास संपतोय."

खालांनी इस्त्री उभी करून ठेवली. "आत्ता नाय. वर पिल्लं हाइत."

"अहो, रोज शिव्या तर तुम्हीच देता म्हणे."

"देते ना. माझं त्यांचं भांडण हाय. तुमचं काय हाय त्यांच्याशी?"

आम्ही जमलेले सगळे हसलो. साहेब हसले नाहीत. "झाडायला माणूस नाही, पैसे नाहीत. करायचं काय मग?"

"मी झाडते. पिल्लं उडू द्या, मग छाटा काय छाटायचं ते."

"आणि नाही झाडलं तर?"

"तर ही गाडी बी उचलून न्या."

त्या गाडीवर त्यांचं घर चालत होतं. साहेबांनी बाजूला जाऊन फोन केला, बराच वेळ बोलले आणि छाटणीची गाडी परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून कोळसे पेटवायच्या आधी खाला झाडू लागल्या. वर चुन्याची भुकटी टाकायच्या. शिव्याही चालूच होत्या. गुडघे मात्र साथ देईनात. एकदा त्या झाडू घेऊन फुटपाथवर बसलेल्या दिसल्या, तेव्हा समोरच्या काकूंनी झाडू हातात घेतला. हळूहळू आम्हीही लागलो. खाला गाडीवरून सूचना द्यायच्या. "भाऊ, जमिनीला गुदगुल्या करता का? जोर लावा जरा!"

पिल्लं उडू लागली तेव्हा त्यातलं एक थेट गाडीच्या छतावर येऊन आपटलं. पंख पसरून बसून राहिलं. खाला हातातलं काम विसरून बघत होत्या. "निघ की. तुझ्यापायी लई बोलणी खाल्ली," त्या हळूच म्हणाल्या. ते धडपडत उठलं, आधी बागेच्या भिंतीवर आणि तिथून फांदीवर गेलं. तोवर माझ्या शर्टाची बाही जळून गेली होती. खालांच्या हातून इतक्या वर्षांत जळलेला तो एकच कपडा.

दिवाळीनंतर छाटणी झाली. रस्त्यावर आलेल्या फांद्या तेवढ्या गेल्या, बाकी झाडं राहिली.

त्याच हिवाळ्यात बजाजनगरला, मुलाच्या घरी खाला वारल्या. आम्ही मातीला गेलो होतो. नंतर मुलगा येऊन हातगाडी घेऊन गेला.

बागेला अजून माणूस मिळालेला नाही. बगळे मात्र यंदाच्या पावसाळ्यातही आले. आता आम्ही पाळीपाळीनं झाडतो. काकूंची पाळी असली की गाडी उभी असायची तेवढी जागा झाडायला त्यांना जरा जास्तच वेळ लागतो.