बोगनवेल कापतंय कोण?

शहराच्या कडेला, बेसाला, आमच्या घराच्या फाटकाशी मी लावलेल्या बोगनवेलीचं चांगलं झाडच झालं होतं. गेल्या हिवाळ्यात तिची एक फांदी वाळली, मग दुसरी. जवळ जाऊन पाहिलं, तर बोटाएवढ्या जाड फांदीची साल गोल कापलेली. इतकं साफ काम चाकूचंच असणार.

आणि खिशात चाकू बाळगणारं माणूस घरात एकच होतं, माझे सासरे. नरखेडकडची संत्र्याची बाग दिरांवर सोपवून ते नुकतेच आमच्याकडे राहायला आले होते. आल्या आल्याच म्हणाले होते, "ना फळ, ना वास. नुसते काटे. कायले लावलं वं हे?"

नवऱ्याजवळ बोलले, तर तो हसला. "बाबा झाड कापतील? काहीतरीच तुझं!"

मग मी नजर ठेवायला लागले. सकाळी चहा ठेवला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची. ते बोगनवेलीपाशी उभे असायचे. फांद्या हातात धरून बघायचे, मध्येच वळून घराकडे पाहायचे. एकदा आमची नजरानजर झाली, तसा त्यांनी हात खिशात घातला. माझी खात्रीच पटली.

एका दुपारी ते फिरायला गेलेले असताना वाळलेली फांदी काढायला मी कात्री घेऊन बाहेर गेले. मागून आवाज आला, "काहून कापून राहिली वं त्याले?"

"मी?"

"मी फिरायले गेलो का तू कात्री घेऊन येतं. मी बोललो, त्याचा राग झाडावर कायले? मी इथं जड होत असन तर तसं सांग. जातो गावाले."

मी कात्री खाली ठेवली. "बाबा, मला तर वाटत होतं, तुम्हीच..."

ते फांदीकडे वळले. मग चाकू काढून त्यांनी ती वाळकी फांदी उभी चिरली. आत भुसा आणि त्यात पांढरी अळी. दोघांनी मिळून सगळं झाड धुंडाळलं. एका फांदीच्या खालच्या बाजूला सालीच्याच रंगाचा, लांब मिशांचा भुंगा चिकटून बसला होता. त्याच्या तोंडाशी अर्धवट कुरतडलेलं कडं.

"हाय का हा चोर! साल कापून आत अंडी घालते हा," ते म्हणाले.

वाळक्या फांद्या आम्ही तिथंच जाळल्या. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला भुंग्याची हकिगत अगदी रंगवून सांगितली. आम्ही एकमेकांबद्दल काय समजून होतो, तेवढं मात्र गाळलं. मीही फक्त भुंग्याच्या मिशा किती लांब होत्या, तेवढंच सांगितलं.