मी आभार मानले नाहीत

"मावशी, जरा उठता का? या खुर्च्या स्टेकहोल्डरसाठी आहेत."

कंपनीचे साहेब हे फार गोड आवाजात बोलले. तिथंच तर घोळ आहे. अंगावर ओरडले असते तर मायनंही दोन शब्द ऐकवले असते. एवढ्या गोडीनं उठवल्यावर माणूस करणार काय? ती उठली. पदर सावरला आणि मागं ताडपत्रीवर, आमच्या वस्तीतल्या बायांजवळ जाऊन बसली. तिच्या खुर्चीवर सरपंचांचा मेहुणा बसला. तो राहतो संभाजीनगरला. गावात येतो पोळ्याला, नाहीतर जत्रेला. पण त्याचं नाव सातबाऱ्यावर आहे.

मी स्टेजच्या कडेला उभी होते. हातात माईक, अंगात कंपनीचं निळं जाकीट. ती माझी माय आहे हे साहेबांना माहीत नव्हतं. मायनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. ओळख दाखवली नाही. पोरीची नोकरी जायला नको म्हणून.

ही सभा आमच्या गावच्या शाळेच्या मैदानात होती. केदारखेड्याच्या बाजूला, भोकरदन तालुक्यात आमचं गाव. अणुवीज तयार करणारी एक सरकारी कंपनी आमच्याकडं आली होती. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांना वीज लागते, म्हणून आमच्या भागात छोटी अणुभट्टी बसवता येईल का, याची पाहणी चालू होती. 'फक्त पाहणी' असं सगळे सांगायचे. पाहणीचं मशीन मात्र जमिनीला खोल भोकं पाडत होतं, आणि ते उभं होतं आमच्या गायरानात.

गायरान म्हणजे गावची गुरं चारायची सरकारी जमीन. कागदावर. आम्ही मातंग. माझ्या आज्यानं तिथले दगड वेचले, बाभळी तोडल्या, बांध घातले. तेव्हापासून आम्ही तिथं ज्वारी आणि तूर पेरतो. बाप गेल्यावर माय एकटीच पेरते. ती जमीन आमच्या नावावर कधी झाली नाही. सरकार तिला अतिक्रमण म्हणतं. माझं डी.एड. त्याच अतिक्रमणावर झालं.

डी.एड. करून मी घरीच बसले होते. मग एका एजन्सीनं कंपनीच्या कामासाठी गावोगावची पोरं-पोरी घेतली. मला 'ग्राम समन्वयक' केलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. काम कंत्राटी, पण मायनं अख्ख्या वस्तीत साखर वाटली. पोरगी सरकारी कंपनीत लागली म्हणून.

ट्रेनिंग जालन्याला एका हॉटेलात झालं. थंडगार हॉल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. तिथं आम्हाला शिकवलं की लोकांचा विश्वास कसा मिळवायचा. गावात ज्याचं वजन आहे त्याला आधी भेटायचं. कुणी चिडलं तर वाद घालायचा नाही. प्रश्न आला की म्हणायचं, 'चांगला प्रश्न आहे', आणि नोंद घ्यायची. उत्तर लगेच दिलं नाही तरी चालतं. नोंद घेतली की माणूस शांत होतो.

खरंच होतो. मी पाहिलंय. आपलं म्हणणं कुणीतरी लिहून घेतंय, एवढ्यानंच आमची माणसं गप्प बसतात. आजवर तेवढंसुद्धा कुणी केलं नव्हतं.

मग शाळेत निबंध स्पर्धा झाली. म्हाताऱ्यांना चष्मे मिळाले. एक गाडी आली, तिच्यात अणुभट्टीचा दिव्यांचा देखावा. पोरं दिवसभर तिच्याभोवती. सरपंच आणि बागायतदार मंडळींना बसमधून दूरच्या एका अणुवीज केंद्रावर नेऊन आणलं. सगळे डोक्यावर टोप्या घालून परत आले. सरपंच पारावर बसून सांगायचे, "अरे, तिथं मोर हिंडून राह्यले मोर! धोका असता तर मोर राह्यले असते का?"

मोरांना कुणी विचारून ठेवलं होतं की काय कोण जाणे. मी साहेबांना म्हटलं, आमच्या वस्तीतली चार माणसं पण नेऊ या, त्यांनाही पाहू द्या. साहेब हसले. "पुढच्या टप्प्यात," म्हणाले. मी रोज जाकीट घालून वस्तीत जायचे आणि पुढच्या टप्प्याचं सांगायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

तर ती सभा. भाषणं झाली. पडद्यावर चित्रं दाखवली. देशाची प्रगती झाली, स्वच्छ ऊर्जा झाली. मग साहेब म्हणाले, "आता मोकळेपणानं प्रश्न विचारा. तुम्ही सगळे आमच्या परिवारातले आहात."

परिवारातली माझी माय ताडपत्रीवरून उठली.

"साहेब, मशीन जिथं उभं केलं ते रान आमी कसतो. तूर उभी हाय तिथं. तुमची मान्सं आली आन् तुरीतून गाडी घातली. आमाला कोनी इचारलंच न्हाई."

"चांगला प्रश्न आहे, मावशी." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणजे, लिहून घे. मग समोरच्या खुर्च्यांकडं वळून ते म्हणाले, "फक्त एक गैरसमज दूर करतो. ती जमीन शासनाची आहे. त्यामुळं तिथं बाधित होणारं कुणीच नाही."

कुणीच नाही. मेहुणा हसला. पुढच्या रांगेतून एक बागायतदार मागं वळून म्हणाला, "बस गं खाली. च्या थंडा व्हायलाय तिकडं."

माय बसली. दुसऱ्यांदा.

मला लगेच राग आला नाही. थकवा आला. किती वर्षं आम्ही हेच ऐकतोय. तलाठी म्हणाला, कुणी नाही. तहसीलवाले म्हणाले, कुणी नाही. आता अणुभट्टीवाले आले, तेही तेच म्हणतात, फक्त त्याआधी 'चांगला प्रश्न आहे' म्हणतात. मग लाज वाटली. मायची नाही. अंगातल्या जाकिटाची.

शेवटी आभारप्रदर्शन माझ्याकडं होतं. कुणाकुणाचे आणि कोणत्या क्रमानं आभार मानायचे, हे मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. आधी स्टेजवर बसलेले कंपनीचे मोठे साहेब, मग सरपंच, मग जमीनधारक बांधव, शेवटी समस्त ग्रामस्थ. आमच्याकडं आभार झाल्याशिवाय चहाला कुणी उठत नाही. मुलाणींचा पोरगा किटली घेऊन तयारच होता.

मी माईकसमोर गेले. बोलले तेवढं आठवतंय.

"मी आभार मानणार नाही. मघाशी खुर्चीवरून उठवलं ती माझी माय आहे. साहेब म्हणाले, गायरानात कुणी नाही. माझी माय आहे तिथं. मी पण आहे, त्याच तुरीवर मी शिकले. आभार मानावेत असं आज इथं काही झालेलं नाही."

एवढंच. माईक टेबलावर ठेवला. तो जरा किंचाळला आणि गप्प झाला.

कुणी टाळी वाजवली नाही. सिनेमात वाजते, गावात नाही. गंमत म्हणजे कुणाला उठताच येईना. आभार झाले नव्हते. मोठे साहेब अर्धवट उठले, पुन्हा बसले. मुलाणींचा पोरगा किटली धरून जागीच उभा. शेवटी सरपंचच म्हणाले, "चला, च्या घ्या, च्या घ्या," आणि लोक माझ्याकडं न बघता निघाले.

माय माझ्याजवळ आली. म्हणाली, "ते जाकीट काढ. कवाचं उकडून राह्यलं तुला."

घरी जाताना ती सारखी बोलत होती. "काहून बोललीस? लागलेली नोकरी घालवली. आता खाशील काय?" मारुतीच्या देवळापाशी ती थांबली. म्हणाली, "पन सरपंचाचं त्वांड पाह्यलं का?" आणि हसली. मी पण हसले. मग दोघींनाही रडू आलं.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा फोन आला. उद्यापासून येऊ नका, जाकीट जमा करा. मायनं ते धुऊन, घडी घालून दिलं. "ज्याचं त्याला द्यावं. आपल्याला त्याचा डाग नको," म्हणाली.

वाटलं, विषय संपला. पण कंपनी माणसाला अशी सोडत नाही. आठवड्याभरानं तेच साहेब आमच्या दारात आले. चप्पल बाहेर काढून आत बसले. मायच्या हातचा चहा प्यायले. म्हणाले, "झालं ते विसरा, मावशी. पुढच्या सभेत आपण तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. तुम्ही कष्टकरी महिला आहात. स्टेजवर बसा आमच्यासोबत."

मायनं विचारलं, "आन् मशीन?"

"ते वरून ठरतं, मावशी."

"मंग ती शाल बी वरच ऱ्हाऊ द्या."

साहेब हसले. म्हणाले, नोंद घेतो.

मशीन सध्या गेलंय, पण तूर निघायच्या आधी परत येणार आहे. अजून भोकं पाडायची आहेत. वस्तीतली काही माणसं म्हणतात, सरकारी कंपनीशी कोण भांडणार? ते खोटं बोलत नाहीत. आपण जिंकू, असं मी कुणालाच सांगितलेलं नाही. मलाही तसं वाटत नाही. मी थकले आहे. माय माझ्यापेक्षा जास्त थकली आहे. तिचा तर जन्म गेला उठण्यात. बांधावरून उठ, ओट्यावरून उठ, खुर्चीवरून उठ.

पण थकलेल्या माणसाला बसणं जमतं. मशीन येईल त्या दिवशी आम्ही तुरीत बसणार आहोत, मी, माय आणि जे येतील ते. साहेब येतील. गोड आवाजात म्हणतील, "मावशी, जरा उठता का?"

आम्ही उठणार नाही.