बेकरीतला स्ट्रायकर

ऐंशीच्या दशकात मी दर शनिवारी न्यूअर्कच्या पोर्तुगीज वस्तीतल्या बेकरीत पाव आणायला जायचो. काउंटरमागचा गृहस्थ अंगोलात जन्मलेला, लिस्बनला फुटबॉलमध्ये स्ट्रायकर म्हणून गाजलेला आणि शेवटचे दोन सीझन अमेरिकेत खेळून इथेच राहिलेला. हे सगळं अर्थात त्यानंच सांगितलेलं. मी सावंतवाडीचा म्हटल्यावर त्यानं मला परस्पर गोव्यात जमा केलं आणि अंगोला काय, गोवा काय, दोन्ही पोर्तुगीजांचेच, म्हणून तो मला 'शेजारी' म्हणायला लागला.

पाव बांधता बांधता तो एक गोल सांगायचा. गोल तोच, पण त्यात चकवलेले बचावपटू वाढत जायचे.

"मागच्या शनिवारी चार होते," मी म्हणालो.

"पाचवा उशिरा पोचला, शेजारी," तो गंभीरपणे म्हणाला.

एकदा एक म्हातारा पोर्तुगीज गिऱ्हाईक त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. मग टोपी काढून त्यानं पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं. मला वाटलं, आता इथे तासाची निश्चिंती! पण आमच्या गड्यानं नकारार्थी मान हलवून दोनच शब्दांत उत्तर दिलं. म्हातारा हिरमुसून निघून गेला.

"काय विचारत होता?"

"तो फुटबॉलवाला तूच का म्हणून. मी म्हटलं, तो माझा भाऊ."

"अरे, मग मला कशाला दर आठवड्याला ऐकवतोस?"

त्यानं सुटलेल्या पोटावरचा एप्रन नीट केला.

"तू मला पळताना कुठे पाहिलंयस? त्यानं पाहिलंय."