नऊ दिवस पंखा बंद

नवरात्रात आमच्या हॉलचा पंखा नऊ दिवस बंद असतो. घट बसले की शेजारी अखंड दिवा लागतो. तो विझला तर घराला बरं नाही, असं सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात बजावलं होतं. साताऱ्याच्या घरी देवांना वेगळी खोली होती. सीवूड्सच्या वन बीएचकेत देव हॉलमध्येच, त्यामुळे ऐन ऑक्टोबरात खिडक्याही बंद. तेल घालायला, काजळी झाडायला दिव्यापाशी कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. नवरा वाशी मार्केटला कामाला जातो, मुलं क्लासला जातात आणि मी घाम पुसत देवीकडे बघत बसते. माझं तोंड बघून देवीसुद्धा वैतागत असेल.

मागच्या वर्षी शेजारीण दारात येऊन म्हणाली, "उरणपर्यंत लोकल झालीय ना आता. चल, समुद्र बघून येऊ. दुपारी परत." मी सवयीने नाही म्हणणार, तेवढ्यात सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "जा की. मी काय मेलीय व्हय? बसते दिव्यापाशी."

मी गेले. डबा जवळजवळ रिकामा होता. मी मुद्दाम पंख्याखालची जागा धरली आणि पदर वाऱ्यावर सोडून दिला. खाडी गेली, द्रोणागिरीची गोदामं गेली. शेजारीण फोटो काढत होती. मला मात्र समईतलं तेल दिसत होतं.

उरणहून रिक्षाने किनाऱ्यावर पोचलो. पायाला पाणी लागलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू! तशीच उभी राहून मी घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"झोपल्या असतील गं. टेन्शन नको घेऊ," शेजारीण म्हणाली.

"झोपल्या तर दिव्याचं काय?"

तिला किनाऱ्यावर ठेवून मी एकटीच स्टेशनवर परतले. गाडी नुकतीच सुटली होती, पुढची तासाभराने. शेवटचं स्टेशन ते. पुढे जायला रूळ नव्हते, मागे जायला गाडी नव्हती. मला रडू आलं, रागही आला. एका वातीने मला समुद्रावरून ओढून आणलं होतं. बाकावर बसून मी देवीची माफी मागत राहिले.

घरी येऊन लॅचला किल्ली लावली. दार उघडताच अंगावर गार वारा आला. हॉलचा पंखा पाचवर फिरत होता, खिडक्या सताड उघड्या होत्या. सासूबाई पंख्याखाली गाढ झोपल्या होत्या. दिवा विझला होता.

माझ्या हातून पर्स पडली. त्या आवाजाने त्यांनी डोळे उघडले, आधी माझ्याकडे आणि मग दिव्याकडे पाहिलं.

"लाव की परत," त्या म्हणाल्या. "मी बी लावायचीच."

"तुमच्या वेळी पण विझायचा?"

"दर साली. कुणाला सांगायचं न्हाई, झालं."

त्यांनी कूस बदलली. इतकी वर्षं मी त्या दिव्यापुढे शिजत बसले, माहेरच्या माणसांनी बोलावलं तरी नाही म्हटलं, आणि ही बाई सगळं माहीत असून गप्प होती. ओरडावंसं वाटलं. मी काडेपेटी घेतली, वात पुढे सारली, तेल घातलं. दिवा लागला, पण ज्योत वाऱ्याने फडफडायला लागली.

मी उठले, खिडक्या लावल्या आणि पंखा बंद केला.