मामांच्या दंडावरचा बिब्बा

माणसाच्या तोंडाकडे न बघता अख्खी हयात काढलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो म्हणजे माझे मामेसासरे, यजमानांचे सख्खे मामा. लोणावळ्यात रेल्वेच्या दवाखान्यात ते जखमा धुवायला आणि पट्ट्या बांधायला होते. डॉक्टरकी कुणी शिकवली नाही. पण माणसाची कातडी त्यांनी इतकी वर्षं इतक्या प्रेमानं पाहिली, की भेटलेल्या माणसाला तोंडही असतं हे ते विसरूनच गेले असावेत. तुम्ही नमस्कार केलात की त्यांचे डोळे तुमच्या कोपरावर, मग कानामागं, मग पायाच्या बोटांच्या बेचक्यात. माझं लग्न झालं तेव्हा मळवलीच्या सगळ्या बायका नव्या नवरीचं तोंड बघायला दाटीवाटीनं जमल्या होत्या. मी मामांच्या पाया पडले, तर त्यांनी माझा हात उचलून उजेडाकडं धरला नि सासूबाईंना म्हणाले, "आक्का, नखं चांगली हायेत. पोरगी घ्यायला हरकत न्हाई." अक्षता पडून दोन तास झाले होते, पण ते त्यांच्या हिशेबी महत्त्वाचं नव्हतं.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, रोग राहत. आमच्याकडे भातलावणीला दिवसदिवस चिखलात उभं राहून बायकांच्या पायाची बोटं कुजतात, त्याला चिखल्या म्हणतात. मामा विचारायचे, "ती लोहगडवाडीची चिखली कशी हाय? तिला पोरगा झाला म्हनं." मळवलीचे एक मोठे जमीनदार मानेवरचा नायटा उपरण्याखाली झाकून हिंडत. भर बाजारात मामांनी त्यांना हाक मारली, "काय हो नायटे, लय दिवसांनी?" वर्षभर त्या गृहस्थांनी लोणावळ्याच्या बाजारात पाय ठेवला नाही. शेवटी खाज सोसेना तेव्हा मागच्या दारानं आले आणि मलम घेऊन गेले. ते मलम म्हणजे गंधक, करंजाचं तेल आणि तिसरं काहीतरी, जे मामांनी मामींनासुद्धा सांगितलं नाही. वास असा, की मलम लावलेला माणूस आळीत शिरला की कुत्री उठून दुसरीकडे जाऊन बसत.

औषधाबद्दल काही घ्यायचे नाहीत. अट एकच, बरं झालं की जागा दाखवायला यायचं. कुणी आलं नाही तर स्वतः निघायचे. लोहगडवाडीचा एक जण खरूज गेल्यावर फिरकलाच नाही, तर हे स्टेशनापासून तंगडतोड करत वर गेले. तो माणूस भात झोडत होता. मामांनी गेल्या गेल्या त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं, वाकून बघितलं, "ऱ्हायलं न्हाई कायबी," म्हणाले आणि पाणीही न घेता उतरायला लागले. त्या माणसाची बायको म्हणे अजून विचारते, ते कोण होते म्हणून.

मग मानमोडी आली. पहिली लढाई संपायच्या बेताला होती तेव्हाची गोष्ट. आज ताप भरला, उद्या मान टाकली, परवा माणूस गेला, असं ते दुखणं. स्टेशनावर उतरणाऱ्याकडे लोक दारं लावून फटीतून बघत. मामांना कुणी तापाचं विचारलं तर ते हात झटकत, "ताप आपल्या खात्यात येत न्हाई बाबा." पण खातं कुणाला चुकलंय? साथीच्या भीतीनं लोकांनी काय काय अंगाला फासलं ते विचारू नका. कुणी फिनेलनं आंघोळ केली, कुणी छातीवर मोहरीचा लेप दिला नि कातडी लेपाबरोबर निघाली, एकीनं पोरांना घासलेट चोळलं. मामा खोबरेल तेलाची बाटली घेऊन गावोगाव हिंडायला लागले. म्हणायचे, "साथीनं येक माणूस पडतंय आन् उपायानं धा सोलून निघत्यात."

आमच्या सासूबाईंचा उपाय बिब्ब्याचा. बिब्बा म्हणजे ते काळं फळ, नजर लागू नये म्हणून दोऱ्यात ओवून बांधतात. सासूबाईंनी घरातल्या प्रत्येकाच्या दंडाला एकेक बांधला. साथ मोठी, तेव्हा बिब्बाही जोरकस हवा, म्हणून दाभणानं आरपार भोक पाडून, तेल सुटलेलं असतानाच बांधला. बाकीच्यांना काही झालं नाही. माझ्या दंडाला मात्र चार दिवसांत खाज सुटली, फोड आले, फुटले, आणि तोच हात तोंडाला लागत गेला तशा भुवया सुजल्या, कानाच्या पाळ्या जाड झाल्या. आरशात बघितलं तर मीच मला ओळखेना.

शेजारच्या बायकांनी लांबूनच बघून निकाल दिला, महारोग. सासूबाई घाबरल्या. वाईट नव्हत्या हो त्या. पण घरात माझं दीड वर्षाचं पोर होतं, त्यांचा पहिला नातू. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून मला म्हणाल्या, "बेस्तरवारी गाडी जुंपते. तू आंबीला आईकडं जा. पोर हितंच ऱ्हाईल." मी म्हटलं, "आत्याबाई, अंगावर पितंय ते." त्या म्हणाल्या, "म्हनूनच." पोर त्यांच्या कडेवर माझ्याकडे हात करून रडत होतं. यजमान घोटीला कामावर गेलेले, साथीनं तिकडेच अडकलेले. माझ्या बाजूनं बोलायला घरात कुणी नव्हतं.

सोमवारी मामा आले. सवयीप्रमाणे तोंडाकडे न बघता दंड धरला. खिशातून कोंबडीचं पीस काढलं, मला डोळे मिटायला सांगितले, आणि चट्ट्यांवर हळूच फिरवत विचारत गेले, "हितं कळतंय? आन् हितं?" मला सगळीकडं कळत होतं, नको इतकं कळत होतं. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, हे त्यांचं ज्ञान. मग त्यांनी माझा दोरा कापला, बिब्ब्याचा वास घेतला आणि ओटीवर गेले.

"आक्का, रोग न्हाई. बिब्बा उतलाय हिला, त्येल अंगावर फुटलंय."

"आन् आमाला कसा न्हाई उतला?"

"समद्यांची कातडी येकसारखी नसती."

"मंग माझ्यामुळं झालं म्हन की."

इथं मामांची गाडी थांबली. जमीनदाराला भर बाजारात नायटा म्हणणारा हा माणूस थोरल्या बहिणीपुढं मात्र कधी उलटून बोलला नव्हता. ते तिच्या पायाच्या भेगा बघत बसले. मग डब्यातला एक बिब्बा घेतला, दाभणानं भोक पाडलं आणि स्वतःच्या उघड्या दंडाला बांधला. म्हणाले, "बेस्तरवारपोत्तर हितंच बसतो. उतला तर पोरगी जायाची न्हाई. न्हाई उतला तर गाडी मीच हाकीन."

आणि बसले. दिवसभर दंड पुढं करून, फोटो काढायला बसल्यासारखे. जाणारा-येणारा विचारी, "मामा, काय करताय?" हे सांगत, "वाट बघतुया." मंगळवारी काही नाही. कातडी लोण्यासारखी. सासूबाई चहा देताना दंडाकडे बघायच्या. बुधवारी दुपारपर्यंत काही नाही. मी माझं लुगडं नि पोराचं एक झबलं गाठोड्यात बांधलं. झबलं कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं. ऊन कलायला लागलं तसे मामा दंड खाजवायला लागले. गुरुवारी सकाळपर्यंत दंड भाकरीसारखा फुगला, पाण्यानं भरलेले फोड आले, आणि डावा डोळा बंद झाला. इतका खूश झालेला रोगी मी जन्मात बघितला नाही. "आक्का, बघ, कसा झ्याक उतलाय," असं म्हणून मग ते ज्याला त्याला दाखवत सुटले.

सासूबाईंनी विळी घेतली, घरातल्या सगळ्यांचे दोरे कापले, खोबरं नि तीळ वाटले, आधी भावाच्या दंडाला लेप लावला, मग माझ्या. मग पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलं. गाडीवान दारात आला होता. त्याला म्हणाल्या, "जा बाबा. कुनी जायाचं न्हाई."

त्याच पंधरवड्यात आंबीचं आमचं घर मानमोडीनं धुऊन नेलं. आई, आबा, धाकटी बहीण. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

पुढं मामा बरीच वर्षं जगले. सासूबाई त्यांच्याही मागं राहिल्या. मामांना जाऊन चार वर्षं झाल्यावर एकदा तांदूळ निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "त्याला सोमवारीच ठावं व्हतं. तळेगावच्या, रूळ बघनाऱ्या गँगमनानं सांगितलेलं, आंबीत तुज्या घरी ताप शिरलाय म्हनून. आल्या आल्या दारातच मला बोलला व्हता. मी म्हनलं, त्यांचा ताप त्यांच्या घरी, हिचा रोग माज्या घरात. तवा त्यानं तो बिब्बा बांधला. आन् तुला सांगू नको म्हनाला. सांगितलं असतं तर तू पोर टाकून आईकडं पळाली असतीस."

पळाले असते, खरं आहे. आईला निदान पाणी तरी पाजलं असतं. आणि मग मीही तिथंच राहिले असते. आता माझा मुलगा तिशीचा झाला. मामांचे पाय धरावेत की त्यांच्याशी भांडावं, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि ऐकून घ्यायला ते नाहीत. ते तीन दिवस ओटीवर बसून मला काय सांगत होते? लोणावळ्याच्या स्टेशनावर कुणाच्या कानामागं काय काय बघितलं ते. मी माजघरातून ऐकून हसत होते, आणि ते मला हसू देत होते.