चाळीस माणसांच्या लग्नातले एक्केचाळिसावे

मावळ तालुक्यात आमच्या मेहुण्यांनी ज्याचं नाव माइकवरून घेतलं नाही असा माणूस एकतर अजून जन्मला नसेल, नाहीतर त्याला लग्नकार्याला जायची सवय नसेल. हे मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे चुलत भाऊ. तिला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे भाऊबीजेपासून भांडणापर्यंत भावाची सगळी खाती यांच्याकडेच. राहायला पवनानगरला. धरणाच्या कडेला थोडं भाताचं रान, आणि हल्ली मुलांनी पर्यटकांसाठी टाकलेले चार तंबू. पण हे झालं पोटापाण्याचं. त्यांचं खरं काम म्हणजे लग्नात माइक धरणं. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी आलेल्या पाहुण्यांची नावं माइकवरून पुकारून त्यांचं सहर्ष स्वागत करायची रीत आहे. बाकीचे लोक हे काम चिठ्ठ्या वाचून करतात. मेहुण्यांना चिठ्ठी लागत नाही. मांडवाच्या दारातून माणूस आत शिरला की त्याचं नाव, गाव, हुद्दा आणि तो नवरीचा कोण लागतो, हे सगळं तो चप्पल काढेपर्यंत कर्ण्यातून बाहेर पडलेलं असतं.

हुद्दा नसेल तर ते देतात. पंचायतीच्या निवडणुकीत पडलेला माणूस त्यांच्या तोंडी 'भावी सरपंच' असतो, आणि ज्याचा ट्रॅक्टर वर्षभर दारात गंजत पडलाय तो 'प्रगतशील शेतकरी'. एकदा पवनेच्या काठी तंबूत राहायला निघालेलं मुंबईचं एक जोडपं रस्ता विचारायला मांडवात शिरलं. पुढच्या मिनिटाला 'मुंबईहून खास या शुभकार्यासाठी उपस्थित राहिलेले' म्हणून त्यांचं स्वागत झालं, त्याच्या डोक्याला फेटा बांधला गेला, तिची ओटी भरली गेली आणि दोघंही पहिल्या पंगतीला बसली. जाताना त्या भल्या माणसांनी आपला तंबूतला नवा कोरा कंदील नवरानवरीला आहेर म्हणून दिला आणि रात्र बहुधा अंधारात काढली. या नादात मुहूर्त टळायचे. भटजी घड्याळ दाखवायचे, नवरदेव अंतरपाटामागे या पायावरून त्या पायावर व्हायचा, पण शिरगावच्या पाव्हण्यांचं नाव राहिलंय म्हटल्यावर मेहुणे देवालाही थांबवतील. 'न्हाईतर मानूस जेवतो, पन अन्न अंगी लागत न्हाई त्याच्या,' असं त्यांचं म्हणणं.

माइक त्यांचा स्वतःचा. दुसऱ्याच्या माइकला तंबाखूचा वास येतो म्हणून ते आपला माइक टॉवेलात गुंडाळून पिशवीत घालून नेतात. आवाज मात्र माइक नसतानाही तसाच. घरी पिठलं ताटात पडलं की 'पिठल्याचं आगमन झालेलं आहे' असं जाहीर करतात. माझे सासरे दवाखान्यात होते तेव्हा वॉर्डाच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाचं नाव यांनी खड्या आवाजात सांगितलं. नर्स ओरडली, पण सासऱ्यांना दिसत नव्हतं, त्यांना त्या आवाजाचाच आधार होता. आणि माझ्या स्वतःच्या लग्नात, मी लोणावळ्याला तिकीट खिडकीत बसणारा साधा कारकून असताना, यांनी मला 'रेल्वेतील वरिष्ठ अधिकारी' म्हणून जाहीर केलं. पुढे दोन वर्षं सासुरवाडीचं अर्धं गाव माझ्याकडे आरक्षण मागायला येत होतं. मी तेव्हा फार चिडलो होतो. पण खरं सांगायचं तर माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, इतक्या मोठ्यानं आणि इतक्या अभिमानानं त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं.

आता ज्याची मला लाज वाटते ते सांगतो.

आमच्या लेकीनं, सईनं, लग्न ठरवलं ते निखिलशी. तिच्याच ऑफिसातला मुलगा, नगरकडचं मराठी ख्रिस्ती घराणं, वडील निवृत्त शिक्षक. नोंदणी पुण्याला करायची आणि प्रार्थना कुसगावच्या वरच्या अंगाला, डोंगरावर असलेल्या एका जुन्या दगडी चॅपलमध्ये, असं दोघांनी ठरवलं. चॅपल एवढंसं. आठ बाकं, एक पेटी, मागच्या खिडकीतून दिसणारी दरी. माणसं मावणार चाळीस, म्हणजे आमची वीस. मी पहिली यादी केली ती सहाशेची होती. ती वीसवर आणताना आधी मी प्रत्येक नावापाशी अडत होतो, पण मग हळूहळू गोडी लागली. पांढरी फुलं, मंद पेटी, कुजबुजत बोलणारी माणसं. चॅपलच्या पाळकसाहेबांनी तर 'इथे शांतता हीच सजावट' असं सांगितलं तेव्हा मी अशी मान हलवली की जणू आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शांततेतच लग्नं लागत आलीत. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर मेहुणे आले. फेटा, खांद्याला पिशवी, पिशवीत माइक. मी विसाव्या ओळीवरचं त्यांचं नाव खोडलं आणि तिथे ऑफिसातल्या एका जुन्या साहेबांचं नाव घातलं. जागेचा प्रश्न नव्हता. निखिलच्या आईवडिलांपुढे मला त्यांची लाज वाटत होती.

बायको म्हणाली, "दादाला कोण सांगणार?" मी म्हणालो, "मी जातो." पवनानगरला गेलो तेव्हा ते अंगणात तंबूच्या दोऱ्या ताणत होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "किती मान्सं म्हनता?"

"चाळीस. दोन्हीकडची मिळून."

"चाळीस तर आमच्यात वाढपी असत्यात," म्हणून ते हसले. "आन् माइक?"

"माइक नाही, भाऊ. त्यांच्यात चालत नाही."

"मंग कोन आलं, कोन न्हाई, कळायचं कसं?"

"चाळीसच माणसं. दिसतातच की."

त्यांनी दोरीची गाठ मारली. "दिसनं येगळं, दाजी. नाव घेनं येगळं." मग विचारलं, "पोरीला आनायला मी कुटं हुभं ऱ्हायचं?"

आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो. मी म्हणालो, "त्यांच्यात वडील आणतात." हे खरं होतं, आणि खऱ्याच्या आड लपायला सोपं जातं. ते म्हणाले, "बराबर हाय. ज्याची त्याची रीत." आत जाऊन त्यांनी एक पिवळी साडी आणली. मामानं भाचीला द्यायची असते ती, घडी न मोडलेली. "ही चालंल का तितं?" मी म्हणालो, ती पांढरी साडी नेसणार आहे. "मंग असू द्या. घरी नेसंल कवातरी."

या वेळी तरी मी सरळ बोलायला हवं होतं. पण मी काय केलं, तर त्यांना काम दिलं. म्हणालो, "भाऊ, गावोगावची माणसं रुसतील. त्यांची समजूत तुमच्याशिवाय कोण घालणार? त्या दिवशी तुम्ही तेवढं सांभाळा." ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं असेल का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. म्हणाले, "व्हय. ते माझ्याकडं लागलं." घरी येऊन मी बायकोला आणि सईला सांगितलं की त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या एका लग्नाचा माइक घेतलाय, जमणार नाही. बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "माझ्या लेकीपेक्षा दुसऱ्याचं लग्न मोठं झालं दादाला." साडी मी कपाटात वरच्या खणात ठेवली.

मेहुण्यांनी मात्र काम मनापासून केलं. ते गावोगाव हिंडले. घरोघरी जाऊन, पाटावर बसून, चहा घेऊन त्यांनी लोकांना सांगितलं की लग्न लहान आहे, तुम्ही येऊ नका, पण रुसूही नका. आणि मान राहावा म्हणून प्रत्येकाच्या हातावर कुंकू लावलेल्या अक्षता ठेवल्या. आता मावळात एवढ्या मानानं, स्वतः नवरीच्या मामानं घरी येऊन, हातावर अक्षता ठेवून 'येऊ नका' म्हटलं, तर त्याचा अर्थ काय होतो हे त्यांना कळायला हवं होतं. इतक्या आग्रहाचं आमंत्रण लोकांना वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं.

लग्नाचा दिवस थंडीतला, सकाळची वेळ. चॅपलमध्ये इतकी शांतता की सईच्या बांगड्या ऐकू येत होत्या. दारातून तिला घेऊन निघालो तेव्हा तिनं पुढच्या बाकाकडे पाहिलं. बायकोशेजारी एक जागा रिकामी होती. साहेब आलेच नव्हते. पाळकसाहेबांनी विचारलं, "या कन्येला विवाहासाठी कोण देत आहे?" आमच्यात या वेळी मामा मागे उभा असतो. मी म्हणालो, "मी देतो." तेवढ्या शांततेत माझा आवाज मलाच ओशाळवाणा वाटला. निखिलच्या आईनं गायलेलं गीत फार गोड होतं, आणि मला त्यातलं काहीच नीट ऐकू आलं नाही.

सगळं आटोपून गाड्यांतून जेवायला खाली निघालो. पहिल्याच वळणावर गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला सत्तरएक माणसं उभी होती. टेम्पो, जीप, फटफट्या. प्रत्येकाची मूठ झाकलेली. आणि त्यांच्यापुढे, भगवा फेटा बांधून, आमचे मेहुणे. पिशवी दिसत नव्हती. माइक त्यांनी घरी ठेवला होता. एका म्हाताऱ्याला ते सांगत होते, "आबा, वर जागा न्हाई, आन् तितं मोठ्यानं बोलत न्हाईत. तुमचा मान हितं हाय." असं म्हणून ते आबांचं पूर्ण नाव, गावासकट घेत होते आणि हातावर लाडू ठेवत होते. सकाळपासून ते हेच करत होते. घसा बसला होता.

बायकोनं काच खाली केली. "दादा, तू इथे कसा? तुझं तर लग्न होतं ना दुसरीकडे?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. मी खाली बघत होतो. ते म्हणाले, "व्हतं की. पोराला धाडलं तिकडं. दाजी म्हनत व्हते वर चला, मीच म्हनलं, हितं कुनीतरी पायजे."

एवढ्यात सई गाडीतून उतरली. मग मेहुण्यांनी बसलेला घसा खाकरून सरळ केला आणि उघड्या रस्त्यावर पुकारायला सुरुवात केली. निखिलचं नाव, त्याच्या वडिलांचं, 'नगरहून आलेले आदर्श शिक्षक', आईचं नाव माहेरच्या गावासकट, पाळकसाहेबांचं नाव. मी त्यांना यातलं एकही सांगितलं नव्हतं, कुणाकडून काढलं होतं देव जाणे. निखिलचे वडील मागच्या गाडीतून उतरले, चष्मा काढून पुसला आणि पुढे होऊन मेहुण्यांकडून मूठभर अक्षता मागून घेतल्या. मग सत्तर मुठी उघडल्या. मी ज्यांच्यासमोर लाजलो असतो ते व्याही माझ्या मेहुण्यांच्या गळ्यात पडले, आणि म्हणाले, "मामा, तुम्ही वर का नाही आलात? तुमच्या शेजारी बसायला मला आवडलं असतं." मेहुणे म्हणाले, "जागा कमी व्हती, गुरुजी."

सगळ्यांची नावं झाली. माझंही झालं, बापाच्या नावासकट, 'रेल्वेतील वरिष्ठ अधिकारी' यासह. फक्त एक नाव राहिलं. त्यांचं स्वतःचं नाव ते कधीच घेत नाहीत, ते दुसऱ्यानं घ्यायचं असतं. मी तिथे हातभर अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं.

नंतरच्या संक्रांतीला सई पिवळी साडी नेसून पवनानगरला गेली. मामांनी तिला अंगणात उभं करून तिचं नाव शेजारपाजारच्या तंबूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं घेतलं म्हणे. बायको आता भावावर रागावलेली नाही, उलट म्हणते, "दादानं दुसरं लग्न सोडलं माझ्या लेकीसाठी." मी मान हलवतो. मेहुणे भेटतात, चहा पाजतात, 'दाजी' म्हणतात, आणि त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल की या सबंध लिखाणात मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. यादीतून खोडलेलं नाव कागदावर मिरवायचा मला हक्क नाही असं वाटलं. हे कागद आज संध्याकाळी मी बायकोला वाचायला देणार आहे. ती काय म्हणेल ते म्हणो. मग पुढच्या लगीनसराईत, कुठल्या का होईना मांडवात, मी त्यांच्या हातातून माइक मागून घेणार आहे. तो त्यांनी दिला, तर त्यांचं नाव घेईन, बापाच्या नावासकट, गावासकट.