पासपोर्टावरची मोहिनी

कोरेगावहून निघालो त्या दिवशी जीपच्या टपावर चार बॅगा होत्या. तीन माझ्या, एक बायकोची. तिची पुस्तकं आणि हाडांच्या आकृत्यांच्या वह्या मी माळ्यावर टाकायला लावल्या होत्या. "दोनच वर्षं जायचंय, ओझं कशाला?" सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे वडील, आण्णा, जीपच्या दांडीला धरून म्हणाले, "तिला सांभाळ रं. लय शिकल्याली हाय, तुझ्यावानी न्हाई." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

ती हौसा. कवठे महांकाळच्या एका गुरुजींची मुलगी. सांगलीकडच्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवणारी पहिली बाई. तिथं बाईनं शिकवायचं ते सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्यांवरचं, शवविच्छेदनाचा हॉल पुरुषांचा, असा न लिहिलेला नियम होता. हिनं पहिल्याच वर्षी तो हॉल मागून घेतला. हाताच्या नसांवरचे तिचे लेख परदेशी नियतकालिकांत छापून आले होते. आणि मी? पंपांचा इंजिनियर. सोललेली कोंबडी बघून मला घेरी येते.

वाईकडच्या शहरी लोकांचं बघून आमच्यातही ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहायची टूम निघाली होती. हौसा हे नाव मला फारच गावठी वाटायचं. मी अंगठीनं ऐटीत 'मोहिनी' लिहिलं. गुरुजी हळूच म्हणाले, "जावईबापू, तिच्या लेखांवर जुनं नाव छापलंय." मी म्हणालो, "आवं गुरुजी, लेख कोन वाचतंय?" मांडवात हशा पिकला. तो हशा मला अजून ऐकू येतो.

तरी तांदूळ पुसता येतात. पासपोर्टाच्या अर्जात प्रश्न होता, पूर्वी दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखले जात होता का? साताऱ्यातला एजंट म्हणाला, हो लिहिलंत तर नाव बदलल्याचं गॅझेटात छापून आणावं लागेल, दोन महिने जातील. माझं तिकीट तीन आठवड्यांवर. मी 'नाही' लिहिलं. रेशनकार्डावर आण्णांनी मोहिनी चढवलीच होती. हिनं न वाचता सही केली. मुडद्यांपुढं न डगमगणाऱ्या बाईलाही नवऱ्यानं भरलेला फॉर्म वाचायचा नसतो, असं कुणीतरी शिकवून ठेवलेलं असतं.

इंग्लंडात लीड्सला पोचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. पदव्या हौसाच्या, लेख हौसाचे, आणि देशात उतरली होती मोहिनी. ती म्हणाली, "खरं सांगून टाकू." मी घाबरलो. "खोटं लिहिलंय म्हणून दोघांनाही परत पाठवतील. थोडं थांब."

थोडं म्हणजे अकरा वर्षं. तेवढ्यात मी मॅनेजर झालो, घराच्या कर्जाचं मॉर्गेज, काउन्सिल टॅक्स, कचरा उचलायचा बिन डे असल्या शब्दांतून मराठी बोलू लागलो. तिला तिथल्या विद्यापीठाच्या शरीररचना विभागात मदतनिसाचं काम मिळालं. सांगाडे पुसायचे, ट्रे मांडायचे. मित्रांच्या पार्टीत मी सांगायचो, "आमच्या घरात हाडं घासणारी ही एकटीच." सगळे हसायचे. ती पुलावात चमचा फिरवत राहायची.

एका मंगळवारी कामावरून आली ती कोट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसली. तिथल्या प्राध्यापकांनी वर्गात पडद्यावर एक आकृती दाखवली होती. ही भारतातल्या एका बाईंनी काढलेली, म्हणाले, इतकी नेमकी मी दुसरी पाहिली नाही. पुढं त्यांनी काही लिहिलं नाही, वारल्या असाव्यात. त्या वेळी ही मागच्या भिंतीशी हातमोज्यांचा डबा धरून उभी होती.

"मग सांगायचं नाहीस का?" मी म्हणालो.

"कोण म्हणून सांगू?"

"अगं, सरळ..."

"सरळ? तुम्ही सरळ लिहिलं होतंत का?"

"मी चहा टाकतो," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच भारतीय वकिलातीत गेली आणि सगळं खरं लिहून दिलं. ज्याला मी अकरा वर्षं भ्यालो, ते एक प्रतिज्ञापत्र, साहेबाची चार बोलणी आणि वर्षभराचे हेलपाटे एवढंच निघालं. कुणी कुणाला परत पाठवलं नाही. तीच आपणहून परत गेली.

त्या जुन्या कॉलेजात हौसा हे नाव ओळखणारी माणसं अजून होती. पण तिच्या हाताखाली शिकलेली पोरं एव्हाना वरच्या खुर्च्यांवर होती, आणि ही त्यांच्या हाताखाली लेक्चरर म्हणून पुन्हा रुजू झाली. पुढं विभागप्रमुख झालेली पहिली बाईही तीच. फक्त ती खुर्ची मिळाली तेव्हा निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. हाताच्या रचनेवर मोठं पुस्तक लिहायचं तिच्या मनात होतं. फोनवर विचारलं तर म्हणाली, "त्याला वीस वर्षं लागतात."

मी तिकडंच राहिलो. आधी मॉर्गेज, मग पेन्शन. तुम्ही मागं राहिलेले आणि माझ्यासारखे गेलेले, सगळ्यांना ही कारणं पाठ आहेत.

गेल्या डिसेंबरात न कळवता सांगलीला गेलो. तिच्या विभागाच्या दारात शिपायानं चिठ्ठी पुढं केली. "नाव आन् काम लिवा. मॅडम हॉलमधी हायेत."

"अरे, मी घरचा माणूस."

"घरची मान्सं घरी भेटत्यात की, काका."

बाकावर जतचे एक पागोटंवाले बसले होते. सरकून जागा देत म्हणाले, "पोरगी शिकती का हितं?"

"नाही. बायको शिकवते. याच मॅडम."

ते उठून उभेच राहिले. "आवं, मग भाईर कशापाई बसलाय? आत जावा की!"

चिठ्ठीवर मी नाव लिहिलं होतं, काम सुचत नव्हतं. लीड्सचं घर माझ्या नावावर आहे, कोरेगावच्या घराची किल्ली माझ्या खिशात आहे. पण घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं, तर मी सांगतो, जिथं परका माणूसही 'आत जावा की' म्हणतो आणि आपले पाय उचलत नाहीत, ते.